‘हाक’ : एपीआय कॉलसाठी एक छोटे साधन, प्रकल्प नोंदी

२ जून

‘हाक’चे काम आजपासून सुरू. आमच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये सर्व्हरशी त्याच्या एपीआयमधून, म्हणजे त्याने डेटा मागण्या-देण्यासाठी ठेवलेल्या ठरलेल्या मार्गांनी, बोलणारा कोड जागोजागी विखुरला आहे. प्रत्येक स्क्रीनने आपापला फेच (सर्व्हरला कॉल करणारे जावास्क्रिप्टचे तयार फंक्शन) कॉल लिहिला, आपापल्या परीने एरर पकडल्या, कुठे पकडल्याच नाहीत. हे सगळे एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये आणायचे आणि बाकीच्या कोडने एपीआयकडे जाताना त्याच दारातून जायचे, एवढे ठरले आहे.

तयार लायब्ररी का घेत नाही, हा प्रश्न बैठकीत आला आणि तो रास्त होता. अ‍ॅक्सिओस ही अशा कॉलसाठीची लायब्ररी २०१४पासून आहे, लोक ती डोळे मिटून वापरतात. २००च्या घरात नसलेला स्टेटस (उत्तराबरोबर येणारा निकालाचा आकडा) ती आपणहून एरर मानते, इंटरसेप्टर (प्रत्येक कॉल मध्येच अडवून बदलण्याची सोय) देते, अपलोड किती झाला ते सांगते. ती आली तेव्हा ब्राउझरमध्ये हाताशी एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्टच होती. १९९९मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५बरोबर आलेली ती रचना थेट वापरणे कष्टाचे काम होते. आता परिस्थिती वेगळी आहे. फेच २०१५मध्ये क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आले, २०१७मध्ये सफारीत, आणि २०२२मध्ये नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) १८पासून काहीही वेगळे न बसवता सर्व्हरच्या बाजूलाही मिळू लागले. पाया सगळीकडे एकच आहे. त्यावर आम्हाला जे बांधायचे आहे ते थोडे आहे, पण अगदी आमच्या गरजेचे आहे: कॉल फसला तर तो नेमका कसा फसला, हे कॉल करणाऱ्याला स्पष्ट कळले पाहिजे. तेवढ्यासाठी एक फाइल, बाहेरचे पॅकेज एकही नाही.

४ जून

सध्याचे सगळे फेच कॉल वाचून काढले. सर्वांत जास्त आढळलेली गोष्ट म्हणजे फेचच्या प्रॉमिसवर (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरणारा ऑब्जेक्ट) ठेवलेला चुकीचा भरवसा. सर्व्हरने ४०४ (सापडले नाही) दिला किंवा ५०० (सर्व्हरमध्येच चूक) दिला, तरी फेचचे प्रॉमिस यशस्वीच ठरते. उत्तर आले, एवढेच त्याला सांगायचे असते. उत्तर चांगले की वाईट हे पाहायला ‘ओके’ हा गुणधर्म आहे, जो स्टेटस २०० ते २९९ असेल तरच खरा असतो. तो न तपासता थेट जेसन (डेटा मजकुरात लिहिण्याची ठरलेली पद्धत) वाचायला गेलेले कॉल भरपूर आहेत. मग सर्व्हरकडून एरर म्हणून एचटीएमएल पान आले की जेसन पार्सर पहिल्याच कोनी कंसावर अडतो आणि वापरणाऱ्याला ‘अनपेक्षित चिन्ह’ असला निरोप दिसतो. मूळ कारण कुठल्या कुठे राहते.

‘हाक’ अपयशाचे पाच प्रकार मानेल आणि प्रत्येकाचा स्वतंत्र एरर क्लास असेल: सर्व्हरपर्यंत पोहोचता आले नाही किंवा संपर्क मध्येच तुटला, मुदत संपली, आपणच रद्द केले, सर्व्हरने उत्तर दिले पण नकाराचे, आणि उत्तर आले पण वाचता आले नाही. मूळ एरर नव्या एररच्या ‘कॉज’ या गुणधर्मात जोडलेली राहील, म्हणजे माग काढताना धागा तुटणार नाही.

यातला पहिला प्रकार ओळखणे वाटते त्याहून अवघड आहे. नेटवर्क तुटले, डीएनएसने पत्ता दिला नाही, सर्व्हरने कॉर्सची (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला उत्तर वाचू देण्याची) परवानगी दिली नाही, या सगळ्यांत फेच एकच टाइपएरर देते. सुरक्षेसाठी ते मुद्दाम तसे ठेवले आहे. परक्या डोमेनवर काय चालले आहे हे पानावरच्या स्क्रिप्टला कळू नये. निरोपाच्या मजकुरावरही विसंबता येत नाही, क्रोम ‘फेल्ड टू फेच’ म्हणते आणि सफारी ‘लोड फेल्ड’. शिवाय हेडरच्या (कॉलबरोबर जाणाऱ्या माहितीच्या ओळीच्या) नावात चुकीचे चिन्ह असेल किंवा फक्त वाचणाऱ्या गेट रिक्वेस्टला बॉडी, म्हणजे मुख्य मजकूर, जोडली असेल, तरीही टाइपएररच येते, आणि ती तर निव्वळ कोडमधली चूक. म्हणून रिक्वेस्ट ऑब्जेक्ट आधी, वेगळा तयार करायचा. तिथे फसले तर ती प्रोग्रामरची चूक, तशीच वर फेकायची. पुढे प्रत्यक्ष फेचमध्ये आली तर ती संपर्काची. दोन ओळींचा बदल, पण यामुळे टायपिंगच्या चुकीला ‘तुमचे इंटरनेट तपासा’ असे उत्तर मिळणार नाही.

५ जून

पत्ता बांधण्याचे काम. यूआरएल ऑब्जेक्टला मूळ पत्ता आणि त्यापुढचा मार्ग दिला की तो जोडून देतो, मात्र मार्ग तिरप्या रेषेने सुरू होत असेल तर मूळ पत्त्यातला ‘व्ही२’सारखा भाग गळून जातो. मूळ पत्त्याच्या शेवटी रेष नसेल तरीही शेवटचा तुकडा गळतो. ‘हाक’ दोन्ही बाजू साफ करून मगच जोडते.

क्वेरीसाठी, म्हणजे पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर येणाऱ्या भागासाठी, यूआरएल-सर्च-पॅराम्स. त्याला ‘अनडिफाइंड’ किंमत दिली तर तो तीच अक्षरे पत्त्यात लिहून मोकळा होतो, म्हणून अशा किमती आधीच गाळायच्या. रिकामी जागा तो अधिकच्या चिन्हाने दाखवतो, बॅकएंडला (सर्व्हरच्या बाजूच्या कोडला) ते चालते हे तपासले. मराठीत शोधणाऱ्यांसाठी एक हिशेब करून ठेवला: देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेते आणि पत्त्यात त्याची नऊ अक्षरे होतात. ‘मराठी’ एवढा शब्द काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हांचा, म्हणजे पत्त्यात पंचेचाळीस अक्षरे. लांबलचक मजकूर शोधायचा असेल तिथे पोस्ट, म्हणजे मजकूर बॉडीत पाठवणारा कॉल, वापरणेच बरे.

९ जून

मुदतीचा, म्हणजे टाइमआउटचा भाग. फेचला स्वतःची अशी मुदत नाही. ब्राउझर कंटाळेपर्यंत ते थांबून राहते. जुन्या कोडमध्ये काही ठिकाणी अबॉर्ट-कंट्रोलर (रद्द करण्याचा सिग्नल कॉलला देणारा ऑब्जेक्ट) आणि टायमर वापरून मुदत घातली आहे, पण बहुतेक ठिकाणी फेचचे प्रॉमिस पूर्ण झाले की लगेच टायमर बंद केला आहे. इथे मोठी फट आहे. ते प्रॉमिस हेडर पोहोचले की पूर्ण होते, बॉडी अजून वाटेत असते. सर्व्हरने हेडर पाठवून पुढे मौन धरले, तर जेसनची वाट पाहणे कधी संपतच नाही. मुदत बॉडी वाचून होईपर्यंत चालू राहिली पाहिजे. सिग्नल बॉडीच्या वाचनालाही लागू असतो, त्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही, टायमर लवकर बंद न करणे एवढेच.

आता अबॉर्ट-सिग्नलवर ‘टाइमआउट’ ही तयार सोय आहे आणि ‘एनी’ वापरून दोन सिग्नल एकत्र बांधता येतात: एक मुदतीचा, एक कॉल करणाऱ्याने दिलेला. मुदत संपली तर टाइमआउट-एरर मिळते आणि माणसाने रद्द केले तर अबॉर्ट-एरर. दोन्हींचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. रद्द केलेल्या कॉलबद्दल स्क्रीनवर काहीही दाखवू नये, मुदत संपलेल्या कॉलबद्दल मात्र बोललेच पाहिजे.

एक बारकावा नोंदवून ठेवतो. ही तयार मुदत चालू वेळ मोजते. पान ब्राउझरच्या मागे-पुढे कॅशमध्ये गोठले असेल तर तेवढा वेळ ती धरत नाही. आमच्यासाठी ते योग्यच आहे.

सरसकट एक मुदत ठेवलेली नाही. शोधाला पाच सेकंद, साध्या वाचनाला दहा, अहवालाला साठ. हे आकडे कॉल करणारा बदलू शकतो, पण मुदतच नको असे सांगायची सोय ठेवलेली नाही, आणि ती ठेवू नये असे माझे ठाम मत आहे.

११ जून

बॉडी वाचणे. ती एकदाच वाचता येते. जेसन म्हणून वाचायचा प्रयत्न फसला की मग मजकूर म्हणून वाचू, असे चालत नाही. म्हणून ‘हाक’ आधी मजकूर घेते आणि मग स्वतः पार्स करते. फसले तर एररमध्ये स्टेटस, कंटेंट-टाइप आणि मजकुराची पहिली दोनशे अक्षरे राहतात. रात्री लॉग वाचणाऱ्याला समोर मधल्या प्रॉक्सीचे एचटीएमएल पान आहे हे बघताक्षणी कळेल.

२०४ असेल तर बॉडी नसतेच, तिथे ‘नल’ परत. एररच्या उत्तरांसाठी बॅकएंडने आरएफसी (इंटरनेटचे नियम सांगणारा दस्तऐवज) ९४५७ची रचना मान्य केली: प्रकार, शीर्षक, स्टेटस, तपशील, ठरलेल्या नावांनी. ‘हाक’ ती ओळखून नकाराच्या एररला जोडते. कंटेंट-टाइप तपासताना नेहमीचे जेसन आणि या ‘प्रॉब्लेम’ प्रकारचे जेसन, दोन्ही चालले पाहिजेत.

बॅकएंडचे काही आयडी ६४ बिटांचे आहेत. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१पर्यंतच बिनचूक राहतात. त्यापुढचा आकडा जेसनमधून वाचताना शेवटचे अंक गुपचूप बदलू शकतात, आणि कुठलीही एरर येत नाही. चुकीच्या आयडीची नोंद उघडणे हे कॉल फसण्यापेक्षा वाईट. आयडी स्ट्रिंग म्हणूनच पाठवायचे, असे बॅकएंडबरोबर ठरले.

१६ जून

आज कोड थोडा, चर्चा खूप. विषय रीट्रायचा, म्हणजे फसलेला कॉल पुन्हा पाठवण्याचा, आणि या सगळ्या कामाचे मर्म इथेच आहे.

एक जुनी तक्रार आहे: एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात. नोंदणीचा पोस्ट कॉल मुदतीत परतला नाही की जुना कोड आपोआप दुसऱ्यांदा पाठवत असे. पहिला कॉल सर्व्हरपर्यंत पोहोचला होता, डेटाबेसमध्ये नोंद झाली होती, उत्तर तेवढे वाटेत हरवले होते. उत्तर आले नाही याचा अर्थ काम झाले नाही असा होत नाही. काम झाले असेल, झाले नसेल, अजून चालू असेल. ब्राउझरमध्ये बसून यातले काहीच सांगता येत नाही. संपर्क तुटणे आणि मुदत संपणे या दोन्ही एररना म्हणून ‘हाक’मध्ये ‘परिणाम अज्ञात’ असा एक ध्वज असेल. नकाराचे स्पष्ट उत्तर आले असेल तर तो ध्वज नसेल. अपवाद ५०२ आणि ५०४चा: तिथे मधला गेटवे बोलतो, मागच्या सर्व्हरने काय केले ते त्यालाही ठाऊक नसते. म्हणून या दोन स्टेटसवरही ध्वज.

आरएफसी ९११० (२०२२) सांगते की गेट, हेड, ऑप्शन्स, पुट आणि डिलीट पुन्हा केले तरी परिणाम एकदा केल्यासारखाच राहिला पाहिजे. पोस्ट आणि पॅच यांना ती हमी नाही. तेव्हा आपोआप रीट्राय फक्त पहिल्या गटाला. डिलीटमध्ये मात्र एक मेख आहे: पहिल्या खेपेला पुसले गेले आणि उत्तर हरवले, तर दुसऱ्या खेपेला ४०४ येईल. परिणाम तोच, उत्तर वेगळे. ‘हाक’ इथे अंदाज बांधत नाही, हा ४०४ दुसऱ्या खेपेचा आहे एवढे एररवर लिहून ठेवते.

पोस्टसाठी आयडेम्पोटन्सी-की, म्हणजे तेच काम पुन्हा आले हे सर्व्हरला ओळखू देणारी खूण. प्रत्येक नोंदणीबरोबर एक यादृच्छिक यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब ओळख-क्रमांक) हेडरमधून जाईल आणि सर्व्हर ती की नोंदीबरोबर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे साठते किंवा काहीच नाही, अशा एका टप्प्यात) साठवेल. तीच की पुन्हा आली तर नवी नोंद न करता आधीचे उत्तर परत देईल. एकाच ट्रान्झॅक्शनचा आग्रह आम्ही धरला, कारण नोंद झाली आणि की साठवायच्या आत सर्व्हर पडला तर सगळा खटाटोप फुकट. पहिला कॉल अजून चालू असताना दुसरा आला तर ४०९चा नकार, आणि तीच की वेगळ्या मजकुराबरोबर आली तर ४२२चा.

की कुठे जन्माला येते यावर सगळे अवलंबून आहे. ती ‘हाक’च्या आत, पाठवण्याच्या क्षणी तयार केली तर प्रत्येक खेपेला नवी होईल आणि तिचा उपयोग शून्य. माणसाने एक नोंदणी करायची ठरवली, तिथे एक की: फॉर्म उघडला की तयार, नोंद पक्की झाली की संपली. म्हणून ‘हाक’ ती बनवत नाही, कॉल करणाऱ्याकडून मागून घेते. पोस्टला रीट्राय मागितला आणि की दिली नाही, तर कॉल करण्याआधीच एरर.

१७ जून

थांबण्याचे गणित. पहिला विराम ३०० मिलिसेकंदांपर्यंत, मग दर खेपेला दुप्पट, कमाल आठ सेकंद. प्रत्यक्ष विराम शून्य आणि त्या मर्यादेच्या मध्ये कुठेही, यादृच्छिक. सर्व्हर कोसळून उठत असताना सगळे ब्राउझर एकाच ठोक्याला परत आले तर तो पुन्हा बसतो; विराम विखुरले की त्याला श्वास घ्यायला जागा मिळते. या सगळ्यावर एक एकूण मुदत, कारण माणूस स्क्रीनसमोर बसला आहे.

४२९ (फार कॉल झाले) आणि ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) यांच्याबरोबर रिट्राय-आफ्टर हेडर आला तर आमचे गणित बाजूला, सर्व्हर सांगेल तेवढे थांबायचे. हा हेडर सेकंदांत येतो किंवा पूर्ण तारखेच्या रूपात. दोन्ही वाचता आले पाहिजेत. चाचणीत तो ‘नल’ येत होता, नेटवर्कच्या टॅबमध्ये मात्र स्पष्ट दिसत होता. आमचा एपीआय पानाहून वेगळ्या ओरिजिनवर (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून होणाऱ्या पत्त्यावर) आहे, आणि तिथले मोजकेच हेडर स्क्रिप्टला वाचता येतात. बाकीच्यांसाठी सर्व्हरने अ‍ॅक्सेस-कंट्रोल-एक्स्पोझ-हेडर्समध्ये नाव घालावे लागते. बॅकएंडने घातले, काम झाले.

२० जून

प्रीफ्लाइट, म्हणजे खऱ्या कॉलआधी ब्राउझरने परवानगीसाठी करायचे कॉल, कमी केले. जुना कोड गेट कॉललाही कंटेंट-टाइप जेसन असा हेडर लावत होता. गेटला बॉडी नसते, त्यामुळे तो निरर्थक, आणि त्याच्यामुळे ब्राउझर आधी एक ऑप्शन्स कॉल करून परवानगी विचारतो. टोकन (लॉगिन केल्याचा पुरावा म्हणून जाणारा संकेत) न लागणाऱ्या सार्वजनिक याद्यांसाठी तो हेडर काढताच ती फेरी वाचली. टोकन लागते तिथे ऑथोरायझेशन हेडरमुळे प्रीफ्लाइट टळत नाही, पण त्याचे उत्तर साठवता येते. अ‍ॅक्सेस-कंट्रोल-मॅक्स-एज न दिल्यास ते पाच सेकंदच टिकते. आम्ही ७२०० सेकंद ठेवले. क्रोम त्याहून जास्त मानतच नाही. आयडेम्पोटन्सी-की हे नावही परवानगीच्या हेडरांत घातले.

२३ जून

टोकन संपल्यावरचा ४०१ (ओळख पटली नाही). एका स्क्रीनवर चारपाच कॉल एकदम जातात, सगळ्यांना ४०१ येतो, आणि प्रत्येकाने टोकन नवे करायला धाव घेतली तर एकाचे नवे टोकन दुसऱ्याने रद्द केलेले असते. ‘हाक’ चालू असलेल्या नूतनीकरणाचे प्रॉमिस एका जागी ठेवते, उशिरा आलेले त्याच प्रॉमिसवर थांबतात. नूतनीकरण फसले तर सगळ्यांना तीच एरर, एकदाच लॉगिनकडे.

४०१नंतर पोस्टही बिनदिक्कत पुन्हा पाठवता येतो. सर्व्हरने काम हाती घेण्याआधीच नकार दिला आहे, परिणाम अज्ञात नाही. १६ तारखेला ठरवलेला ध्वज इथे पहिल्यांदा उपयोगी पडला याचे समाधान वाटले.

२५ जून

शोधाची चौकट. टायपिंग चालू असताना आधीच्या शोधाचे उत्तर नंतर येऊन नव्या निकालांवर बसते. नवा कॉल करताना जुना रद्द केला की हे थांबते. रद्द केल्याने ब्राउझरने ऐकणे थांबवले एवढेच होते, सर्व्हरवरची क्वेरी कदाचित चालूच राहते. म्हणून टायपिंग थांबल्यावर पाव सेकंदाने कॉल करणेही ठेवले आहे.

एकसारखे गेट कॉल एकत्र करण्याची मागणी होती. केली नाही. दोन स्क्रीन एकाच प्रॉमिसवर बसल्या आणि एकीने रद्द केले तर दुसरीचाही कॉल जातो, आणि मिळालेला ऑब्जेक्ट एकीने बदलला तर दुसरीला बदललेला दिसतो. दोन्हींवर उपाय आहेत, पण ते डेटा साठवणाऱ्या थराचे काम आहे.

३० जून

फाइल अपलोड. फॉर्म-डेटा पाठवताना कंटेंट-टाइप हाताने लावायचा नाही. त्यातली बाउंड्री (दोन भागांमधली खूण) ब्राउझर स्वतः ठरवतो, आपण लावला की ती राहते बाहेर आणि सर्व्हरला भाग वेगळे करता येत नाहीत. अपलोड किती टक्के झाला हे फेच सांगत नाही. मोठ्या फाइलसाठी ते दाखवणे गरजेचे आहे, तेव्हा त्या एका स्क्रीनवर एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट राहील, फक्त तिच्या एरर ‘हाक’च्याच पाच प्रकारांत बदलून दिल्या आहेत.

३ जुलै

चाचण्या. फेचची नक्कल करून चाचणी घेणे सोपे आहे, पण आम्हाला ज्या गोष्टींची भीती आहे त्या नकलेत येतच नाहीत. म्हणून नोडच्या एचटीटीपी मॉड्यूलवर खरा छोटा सर्व्हर उभा केला. पोर्ट शून्य दिले की ऑपरेटिंग सिस्टिम मोकळे पोर्ट देते, चाचण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. चालवायला नोडचाच टेस्ट रनर.

या सर्व्हरला वाईट वागायला शिकवले आहे. एक मार्ग हेडर पाठवून गप्प बसतो, एक अर्धे जेसन देऊन सॉकेट तोडतो, एक २०० स्टेटसबरोबर एचटीएमएल देतो. सर्वांत महत्त्वाचा मार्ग नोंद साठवतो आणि उत्तर न देता सॉकेट बंद करतो. त्या चाचणीत ‘परिणाम अज्ञात’ ध्वज आला पाहिजे, त्याच कीने पुन्हा पाठवल्यावर यश मिळाले पाहिजे आणि साठवलेल्या नोंदी मोजल्यावर एकच भरली पाहिजे. भरली. यापुढे ही चाचणी लाल, म्हणजे नापास, असताना काहीही प्रकाशित होणार नाही असे बिल्डमध्येच घातले.

७ जुलै

नोंदणीची स्क्रीन ‘हाक’वर आणली. कोड बदलायला वेळ लागला नाही, निरोप लिहायला लागला. आधी सगळ्याला एकच वाक्य होते: ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा.’ ते वाचून लोक पुन्हा फॉर्म भरत. आता संपर्क नसेल, सर्व्हरने नकार दिला असेल आणि परिणाम अज्ञात असेल, तर तीन वेगळे निरोप आहेत. शेवटच्यात लिहिले आहे: ‘तुमची माहिती पोहोचली की नाही हे अजून कळलेले नाही. खालचे बटण दाबा. आधीच पोहोचली असेल तर दुसरी नोंद होणार नाही.’ हे वाचून माणूस निश्चिंतपणे बटण दाबू शकतो, आणि ते वचन पाळणारी व्यवस्था मागे आहे.

चाचणी पाहणाऱ्या सहकाऱ्याने एक नेमका प्रश्न काढला. परिणाम अज्ञात असताना माणसाने फॉर्ममधला पत्ता बदलला आणि मग बटण दाबले तर? तीच की, वेगळा मजकूर, सर्व्हरकडून ४२२. की बदलली तर दोन नोंदींचा धोका परत आला. दोन्ही नको. म्हणून निकाल कळेपर्यंत फॉर्मचे रकाने बंद ठेवले आणि वर कारण लिहिले. नोंद पक्की झाली की ती दुरुस्तीसाठी उघडेल, आणि दुरुस्ती पुट कॉलने जाईल.

राहिलेली कामे: अहवालाची स्क्रीन, क्रिप्टोचे यूयूआयडी फंक्शन सुरक्षित कनेक्शनवरच मिळत असल्याने एचटीटीपीएस नसलेल्या चाचणी सर्व्हरची सोय, आणि लॉगमध्ये की, खेप आणि एररचा प्रकार एकाच ओळीत आणणे. सुरुवात चाचणी सर्व्हरपासून.